न वापरलेल्या मिसाइलचं बिल: अमेरिकेच्या ‘सेंटिनेल’ची हकीकत

नववीच्या राज्यशास्त्रात भारताच्या सुरक्षा व्यवस्थेचा धडा आला की मिसाइलचा विषय निघतोच. डॉ. अब्दुल कलाम साहेबांचं नाव घेतलं की मुलांचे चेहरे खुलतात. अग्नी कुठवर जातं, पृथ्वी कुठवर जातं, सगळं पोरांना पाठ. या वेळी मात्र मागच्या बाकावरच्या एकाने वेगळंच विचारलं: “टीचर, मिसाइल कधी वापरलंच नाही तर त्याचं काय होतं? ते एक्स्पायर होतं का?”

वर्ग हसला. मीही हसले. पण प्रश्न अगदी बरोबर होता. होय, मिसाइल एक्स्पायर होतं. आणि ते बदलायला निघालं की काय काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण सध्या अमेरिकेत चालू आहे. आपल्याकडच्या बातम्यांत त्याच्या दोन ओळी येतात, त्याही फक्त आकड्यांच्या. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेकडे अणुबॉम्ब टाकण्याचे तीन मार्ग आहेत: समुद्राखालच्या पाणबुड्या, आकाशातली बॉम्बर विमानं आणि जमिनीत पुरून ठेवलेली मिसाइलं. आपला विषय तिसरा. या मिसाइलचं नाव ‘मिनिटमन-३’. ते १९७० साली पहिल्यांदा तैनात झालं. आज अशी ४०० मिसाइलं तैनात आहेत आणि ती ठेवण्यासाठी ४५० विहिरी आहेत. विहिरी हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण ‘सायलो’ म्हणजे काय ते त्याने लगेच कळतं. सुमारे ८० फूट खोल, काँक्रीटने बांधलेली गोल विहीर आणि वर कित्येक टनांचं झाकण. आत मिसाइल उभं. वायोमिंग, मोंटाना आणि नॉर्थ डकोटा या राज्यांत तीन मोठे तळ आहेत. त्यांच्याभोवती नेब्रास्का आणि कोलोरॅडोपर्यंत गव्हाच्या शेतांत आणि गुरांच्या कुरणांत या विहिरी विखुरलेल्या आहेत. शेतकरी ट्रॅक्टर चालवतो आणि बाजूला तारेच्या कुंपणाआड हिरोशिमाच्या बॉम्बच्या वीस पट ताकदीचा बॉम्ब उभा असतो. हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनचा होता, आणि यांतला एकेक ३०० किलोटन किंवा त्याहून जास्त.

दर दहा विहिरींमागे जमिनीखाली एक नियंत्रण कक्ष असतो. तिथे दोन तरुण अधिकारी चोवीस तास बसतात. हुकूम आला तर दोघांनी मिळून किल्ल्या फिरवायच्या. मिसाइल साधारण अर्ध्या तासात रशियात पोहोचतं. एकदा सुटलं की परत बोलावता येत नाही. विमान माघारी फिरवता येतं, याला ती सोय नाही.

आता एक्स्पायरचा मुद्दा. मिनिटमनमध्ये घट्ट, रबरासारखं घन इंधन असतं. म्हणून ते भरून तयार ठेवता येतं आणि मिनिटभरात सोडता येतं. नाव मात्र अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या, मिनिटभरात सज्ज होणाऱ्या ‘मिनिटमन’ सैनिकांवरून आलं आहे. पण वर्षानुवर्षं पडून राहिलं की हे इंधन कडक होतं, त्याला भेगा पडू शकतात, ते आवरणापासून सुटू शकतं. तारा आणि दिशा दाखवणारी यंत्रणा जुनी होते. सुटे भाग बनवणारे कारखाने बंद पडतात. या मिसाइलला हुकूम पोहोचवणाऱ्या यंत्रणेत २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपी डिस्क वापरल्या जात होत्या. आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये साडेतीन इंची फ्लॉपी सुद्धा आता फक्त दाखवायला ठेवली आहे!

मग पन्नास वर्षं हे चाललं कसं? तर वेळोवेळी आतलं सामान बदलून. १९९० च्या दशकाच्या शेवटी मोठं काम सुरू झालं. जुनं इंधन काढून नवीन भरलं, दिशादर्शक यंत्रणा नवी बसवली. म्हणजे ‘पन्नास वर्षं जुनं मिसाइल’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. आपल्याकडे दादाच्या काळातली शिलाई मशीन असते ना, पाय नवा, मोटर नवी, फक्त वरचं डोकं जुनं. तसंच काहीसं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा वाद यावरच आहे.

२०१४ च्या सुमाराला वॉशिंग्टनमध्ये दोन मतं होती. एक, असंच दुरुस्त करत चालवावं. रॅण्ड या अभ्यास संस्थेने त्याच वर्षी सांगितलं होतं की नवं मिसाइल घेतलं तर जुनं टप्प्याटप्प्याने सुधारण्यापेक्षा जवळपास दुप्पट, कदाचित तिप्पट खर्च येईल. दुसरं मत हवाई दलाचं: २०७५ पर्यंतचा हिशोब धरला तर जुनं ओढत नेण्यापेक्षा नवं घेणंच परवडेल आणि जुन्यात आता फार जीव उरलेला नाही. हवाई दलाचं मत चाललं. नवं मिसाइल घ्यायचं ठरलं. पुढे २०२२ मध्ये त्याला नाव मिळालं ‘सेंटिनेल’, म्हणजे पहारेकरी.

आता खरेदी. इथे मला आमच्या शाळेची आठवण येते. आम्हाला दहा बेंच घ्यायचे असले तरी तीन दरपत्रकं लागतात. तीन दुकानांचे कागद फाइलला लागल्याशिवाय क्लार्क बिल पुढे सरकवत नाही. वैताग येतो, पण त्यामागे अक्कल आहे. एकच दुकानदार असेल तर भाव तोच ठरवणार.

सेंटिनेलचं काय झालं बघा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये दोन कंपन्यांची निवड झाली, बोइंग आणि नॉर्थरॉप ग्रुमन. दोघींना सुरुवातीच्या आराखड्यासाठी प्रत्येकी ३० कोटी डॉलरहून जास्त मिळाले. लॉकहीड मार्टिन बाहेर पडली. पुढच्याच महिन्यात नॉर्थरॉपने ‘ऑर्बिटल एटीके’ ही कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत एवढ्या मोठ्या रॉकेटचं घन इंधनाचं इंजिन बनवणाऱ्या दोनच कंपन्या उरल्या होत्या, त्यांतली ही एक. सरकारी नियामकाने २०१८ मध्ये परवानगी दिली, अट एवढीच की इतरांनाही इंजिनं भेदभाव न करता विकावी. बोइंगचं समाधान झालं नाही. ज्याच्याकडून इंजिन घ्यायचं तोच आपला प्रतिस्पर्धी, मग आपली बोली लागणार कशी? जुलै २०१९ मध्ये बोइंगने आपण बोली लावणार नाही असं कळवलं.

राहिली एक कंपनी, म्हणजेच एक दरपत्रक. सप्टेंबर २०२० मध्ये नॉर्थरॉपला १३.३ अब्ज डॉलरचं विकासाचं कंत्राट मिळालं. त्या वेळी सगळ्या प्रकल्पाचा अंदाज होता ७७.७ अब्ज डॉलर. साडेसहाशेच्या आसपास मिसाइलं बनवायची, त्यांतली ४०० तैनात करायची, बाकीची चाचण्यांसाठी आणि राखीव.

पुढे आकडा चढत गेला. जानेवारी २०२४ मध्ये हवाई दलाने संसदेला कळवलं की एका मिसाइलमागचा खर्च किमान ३७ टक्क्यांनी वाढला आहे. जुलै २०२४ मध्ये नवा हिशोब आला: १४०.९ अब्ज डॉलर. म्हणजे मूळ अंदाजापेक्षा ८१ टक्के जास्त. आपल्या पैशात सुमारे १२ लाख कोटी रुपये. भारताचं २०२५-२६ या वर्षाचं संपूर्ण संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी होतं. त्याच्या पावणेदोन पट. आणि यात मिसाइलच्या टोकावर बसणारा अणुबॉम्ब धरलेलाच नाही. तो दुसऱ्या खात्याच्या बजेटमधून येतो.

एवढा खर्च वाढला कुठे? मला वाटलं होतं मिसाइलमध्येच वाढला असेल. तसं नाही. सगळ्यात जास्त खर्च वाढला तो विहिरींमध्ये, नियंत्रण कक्षांमध्ये आणि त्यांना जोडणाऱ्या तारांमध्ये. मूळ योजना होती की जुन्याच ४५० विहिरी साफसूफ करून वापरायच्या. ज्यांनी जुन्या घराचं काम काढलंय त्यांना पुढचं सांगायला नको. नळ बदलायला म्हणून गवंडी आणला, त्याने टाइल काढली तर आतली भिंत ओली, भिंत फोडली तर बीम गंजलेला. १९६० च्या दशकातल्या विहिरींचं तेच झालं. काँक्रीट आणि मापं नव्या मिसाइलच्या कामाला जुळत नव्हती. २०२५ मध्ये हवाई दलाने सांगितलं की जुन्या विहिरी वापरण्यापेक्षा नव्या खोदाव्या लागतील. शिवाय तांब्याच्या जुन्या तारांच्या जागी सुमारे ७,५०० मैलांची फायबर केबल, तीही शेकडो शेतकऱ्यांच्या जमिनीतून. नेब्रास्कातलं किंबल हे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचं गाव. तिथे जवळपास तेवढ्याच मजुरांची वसाहत उभारायची योजना होती. थोडक्यात, कागदावर ही मिसाइलची खरेदी होती आणि जमिनीवर निघालं पाच राज्यांतलं बांधकाम. बांधकामाचा अंदाज मिसाइलवाल्यांनी केला, आणि तो फसला.

अमेरिकेत यासाठी एक कायदा आहे. १९८० च्या दशकात सिनेटर सॅम नन आणि खासदार डेव्ह मकर्डी यांनी आणलेला, म्हणून नन-मकर्डी कायदा. शस्त्राच्या एका नगाचा खर्च चालू अंदाजापेक्षा २५ टक्के किंवा मूळ अंदाजापेक्षा ५० टक्के वर गेला तर प्रकल्प बंद करायचा. चालू ठेवायचा असेल तर संरक्षण खात्याने लेखी द्यायचं की हे देशाच्या सुरक्षेसाठी अत्यावश्यक आहे, याहून स्वस्त आणि तितकाच चांगला पर्याय नाही, नवा अंदाज वाजवी आहे, इतर खर्चांपेक्षा हा महत्त्वाचा आहे आणि आता कारभार नीट होईल. कायदा चांगला आहे. अडचण एवढीच की पेपर ज्याने सोडवला, तपासायलाही त्यालाच दिला आहे. ८ जुलै २०२४ रोजी संरक्षण खात्याचे खरेदीप्रमुख विल्यम लाप्लांट यांनी पाचही गोष्टी लिहून दिल्या. प्रकल्प चालू राहिला. आराखडा नव्याने करायला सांगितलं गेलं आणि वेळापत्रक कित्येक वर्षं पुढे गेलं.

मग जुन्याचं काय? ज्याच्यात जीव उरला नाही म्हणून नवं घ्यायचं ठरलं, तेच मिनिटमन आता नवं येईपर्यंत चालवावं लागणार. आपल्या कॅगसारखी तिकडे जीएओ ही संस्था आहे. तिने सप्टेंबर २०२५ च्या अहवालात म्हटलंय की मिनिटमन-३ कदाचित २०५० पर्यंत वापरावं लागेल. आता सांगा! २०१४ मध्ये जे जमणार नाही म्हणून सांगितलं, तेच आता करावं लागतंय, आणि नव्याचं बिलही चालूच. भाग कमी पडू नयेत म्हणून चाचण्यांची संख्याही जपून ठरवावी लागणार, कारण प्रत्येक चाचणीत एक मिसाइल कायमचं जातं.

या चाचण्या कुठे होतात तेही सांगते. मिसाइल कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून सुटतं आणि साधारण ६,७०० किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांजवळ, क्वाजालीनला पडतं. हीच ती बेटं जिथे १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने ६७ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४ च्या ‘कॅसल ब्राव्हो’ स्फोटाची राख रोंगेलाप बेटावरच्या लोकांवर पडली होती. मुलं त्या राखेत खेळली. नंतर त्यांना बेट सोडावं लागलं.

आता दुसरी बाजू. ही मिसाइलं हवीच कशाला? समर्थकांचं म्हणणं आपण नीट ऐकून घ्यायला हवं, ते अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, या ४५० विहिरी नसत्या तर शत्रूला अमेरिकेची अणुशक्ती लुळी करायला पाणबुड्यांची बंदरं आणि विमानतळ मिळून मोजक्या जागांवर मारा पुरला असता. विहिरी आहेत म्हणून त्याला शेकडो बॉम्ब खर्च करावे लागतील आणि म्हणून तो धाडस करणार नाही. शिवाय रशिया आपलं नवं ‘सारमात’ आणतोय, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची एक चाचणी फसली तरी काम थांबलेलं नाही. चीनने गान्सू आणि शिनजियांगच्या वाळवंटात सायलोची मोठी मैदानं खोदायला घेतली, ती २०२१ मध्ये उपग्रहाच्या फोटोंत दिसली.

पण याच युक्तिवादाचा उलटा अर्थ बघा. म्हणजे त्या विहिरी शत्रूचे बॉम्ब शोषून घेण्यासाठी आहेत. तिकडचे लष्करी तज्ज्ञ स्वतःच ‘स्पंज’ हा शब्द वापरतात. आणि त्या स्पंजावर माणसं राहतात. नॉर्थ डकोटामध्ये फोर्ट बर्थोल्ड नावाची राखीव जमीन आहे, मँडन, हिदात्सा आणि अरिकारा या मूळ रहिवासी जमातींची. त्यांच्या जमिनीत १५ सायलो आहेत. नव्या मिसाइलचा आराखडा झाला तेव्हा हल्ला झाल्यास किरणोत्सर्गी राख कुठवर जाईल, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही. ते काम प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये केलं. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे ती राख अमेरिकेच्या बऱ्याच भागावर, कॅनडात आणि मेक्सिकोतही जाऊ शकते.

आणि धोका फक्त शत्रूचा नाही, चुकीचा आहे. विहिरी कुठे आहेत ते सगळ्या जगाला माहीत आहे. हल्ला येतोय अशी खबर आली तर राष्ट्राध्यक्षाला काही मिनिटांत ठरवावं लागतं: आधी सोडायची की जमिनीतच नष्ट होऊ द्यायची. पाणबुडीच्या बाबतीत ही घाई नाही, ती लपलेली असते. आणि खबर खोटी असेल तर? ९ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या पडद्यांवर रशियाचा प्रचंड हल्ला दिसला. सरावासाठी बनवलेली माहिती खऱ्या यंत्रणेत शिरली होती. १९८० च्या जूनमध्ये एका खराब चिपमुळे पुन्हा तेच. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री उलट बाजूने घडलं. मॉस्कोजवळच्या केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव हे अधिकारी ड्युटीवर होते. यंत्र सांगत होतं की अमेरिकेतून पाच मिनिटमन सुटली आहेत. पेत्रोव यांनी विचार केला, खरं युद्ध कुणी पाच मिसाइलांनी सुरू करत नाही, आणि वर कळवलं की खबर खोटी आहे. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने यंत्र फसलं होतं. १९७९ च्या त्या रात्री झोपेतून उठवलेल्यांपैकी एक होते विल्यम पेरी. पुढे ते अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले, आणि निवृत्तीनंतर जमिनीवरची ही मिसाइलं काढून टाकावी असं उघड लिहू लागले. शांततावादी संघटनेतला कुणी नव्हे, आयुष्यभर शस्त्रखरेदी केलेला माणूस हे म्हणतोय.

तरी निर्णय बदलत नाही. कारण मोंटाना, नॉर्थ डकोटा, वायोमिंग आणि युटा या राज्यांच्या सिनेटरांची घट्ट फळी आहे, पक्ष कोणताही असो. तळ म्हणजे गावाला रोजगार. ४०० पेक्षा कमी मिसाइलं करण्यावर पैसा खर्च करू नये असं कलम संरक्षणाच्या वार्षिक कायद्यात येत राहतं. एवढ्यावरच थांबत नाही. मोंटानातल्या माल्मस्ट्रॉम तळावर काम केलेल्या अधिकाऱ्यांत रक्ताच्या कॅन्सरच्या तक्रारी आल्या. २०२३ मध्ये हवाई दलाने तपास सुरू केला आणि तिथल्या काही भूमिगत कक्षांत पीसीबी हे घातक रसायन ठरलेल्या मर्यादेहून जास्त सापडलं. साफसफाई झाली. पण नवे कक्ष लांबले म्हणजे याच जुन्या कक्षांत अजून कित्येक वर्षं पोरं बसणार.

वर्गात साहजिकच विचारलं गेलं, आपल्याकडे असं आहे का? आपली रचना वेगळी आहे. अग्नी मालिकेतली नवी मिसाइलं बंद नळकांड्यात ठेवून रस्त्यावरून हलवता येतात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अग्नी-प्राइमची चाचणी रेल्वेवरूनही झाली. जागा बदलत राहिली की शत्रूच्या आधी सोडण्याची घाई राहत नाही. शिवाय २००३ पासून आपलं जाहीर धोरण आहे की अणुबॉम्ब आपण पहिल्यांदा वापरणार नाही. पण घन इंधन आपलंही जुनं होणार, बदलावं लागणार, आणि त्याचीही बिलं येणारच. ते आकडे आपल्याकडे संसदेत एवढे उघड येत नाहीत. अमेरिकेची एक गोष्ट मानावी लागेल, चूक झाली ती त्यांच्याच सरकारी संस्थेने लिहून ठेवली आणि ती आपण मुंबई-भिवंडीत बसून वाचू शकतो.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हे सगळं दोन तासिकांत सांगितलं. त्याने वहीत काहीतरी मांडलं आणि विचारलं, “टीचर, मग २०५० ला ती जुनी मिसाइलं सांभाळायला जो ऑफिसर बसेल, त्याचं वय किती?” साधारण चोवीस-पंचवीस, मी म्हणाले. त्याने बोटांवर मोजलं. “म्हणजे तो आत्ता कुठे पैदा होतोय.”